प्रश्न चौदावा

आमची संस्था म्हणजे काय,
तर चर्चच्या तळघरातलं एक लोखंडी कपाट, सहा माणसं,
आणि कोळशाच्या धुळीनं ज्यांची छाती दगड झाली
त्यांच्यासाठी श्वासाची यंत्रं.
सध्या एकतीस आहेत, घरोघर घुरघुरतात.

पैसे येतात शेंगांच्या सूपमधून, गोधड्यांच्या लिलावातून,
आणि खाणी बंद पडल्यावर जे वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर उतरून
नदीपलीकडे टायरच्या कारखान्यांत गेले, त्यांच्याकडून.
त्यांना दर नोव्हेंबरात आमचं एक पत्र जातं:
तुमच्या काकांना अजून धाप लागते.

यंदा पलीकडून उत्तर आलं ते सरकारचं.
आमच्या राज्यात मदत मागायची
तर आधी आमच्याकडे नोंदणी हवी.
फॉर्म सोबत आहे. पानं अकरा.

"हात पसरायलाही आता परवाना?" ओलिटा म्हणाली,
आणि सगळे हसले.

मला हसू आलं नाही. मला तो निळ्या सुटातला आठवला,
पुराच्या वर्षी दारोदार फिरलेला, गळ्यात डबा,
डब्यावर बुडालेल्या शाळेचा फोटो.
आईनं माझ्या बुटांचे पैसे त्यात टाकले होते.
तो पुढं कुठं गेला कुणी विचारलं नाही,
कारण विचारायला कुठं जायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.
चष्मा पुसला मी, आणि पहिलं पान काढलं.

नाव. पत्ता. उद्देश.
कुणाला पगार आहे का? (ओलिटा परत हसली.)
शंभरातले किती सूपच्या भाजीत जातात?
आणि मग चौदावा:
संस्थेच्या कुणा पदाधिकाऱ्याला
पैशाच्या अफरातफरीसाठी कधी शिक्षा झाली आहे का?
हो. नाही.
दोन चौकोन, नखाएवढे.

पातेल्यावरचं झाकण तेवढं थडथडत राहिलं.
ओडेल टॅकेट सोडून सगळीकडे बघितलं आम्ही.
ओडेल आमचा खजिनदार. बारा वर्षं
पै न पै त्याच्या वहीत. दोन सेंट जास्त भरले
तरी रात्री दहाला फोन करतो.
मी शाळेत होते तेव्हा तो अठरा महिने आत होता,
मालकाच्या चेकवर मालकाची सही केली म्हणून.

पाद्रीबुवा खाली बघत पुटपुटले,
"चाळीस वर्षं झाली त्याला. कोण बसलंय उकरायला?"

ओडेलनं माझ्या हातातलं पेन घेतलं.
'हो'वर अशी खूण केली की
ती पुढच्या पानावरही उमटली.
"जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा,"
असं छापलं होतं. त्यानं जोडला.
साल. कोर्ट. रक्कम चारशे बारा डॉलर.
परत केले: सगळे.
आणि खाली, विचारलेलं नसताना:
शेवटचे नऊ माझ्या बायकोनं अंडी विकून.

बँकेतल्या नोटरी पोरीनं
न वाचताच शिक्का मारला.

नोव्हेंबर गेला. पत्रं कपाटात तशीच,
तिकिटं लावलेली. नियम म्हणजे नियम, ओडेल म्हणाला.
जानेवारीत स्टिल्टनरांच्या घरचं यंत्र बंद पडलं
तेव्हा नदीच्या अलीकडेच फिरलो आम्ही,
जिथं सगळ्यांचे खिसे सगळ्यांना पाठ आहेत.

मग पाकीट आलं. खाली सही, इमोजीन क्राउझ,
कोण असेल ती, कुठल्या मजल्यावर, देव जाणे.
पान सहावर दुसरी सही राहून गेली आहे.
कृपया पूर्ण करून पाठवावे.
चौदाव्याबद्दल चकार शब्द नाही.

ओडेलनं ते तीनदा वाचलं.
"दुसरी सही कुणाची?"
"खजिनदाराची."

तो उठला. नळाखाली हात धुतले,
ॲप्रनला नीट पुसले, बोटागणिक,
मग बसला आणि स्वतःचं नाव लिहिलं,
सावकाश, पहिल्यांदाच शिकावं तसं.

"पोस्टाला किती लागतील?" त्यानं विचारलं.
आणि मी दारात पोचेपर्यंत:
"पावती आण."